तिसरा आरोपी

कोर्टातल्या वकील मंडळींनी तुमच्यासाठी शोकसभा घेतली. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं, शेजारी आपली सुधा. एकेक जण उठून तुमच्याबद्दल चांगलं बोलत होता आणि मला मात्र राग येत होता. साहेब किती शांत, किती अभ्यासू, कुणाशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. माझ्याशी चढवत होतात, ते त्यांना कुठून माहीत असणार? शेवटी तुमच्याच हाताखाली तयार झालेले एक वकील उठले आणि म्हणाले, साहेबांच्या साऱ्या कारकिर्दीत एकच खटला अर्धा राहिला, बेडशाचा, आणि त्याची खंत त्यांना अखेरपर्यंत होती.

मी उठून बोलणारच होते. सुधानं हात धरून खाली बसवलं. तुम्हाला बेडशाच्या खटल्याची खंत होती, हे सांगायचा अधिकार त्यांना कुणी दिला? खंत होती ती मला. त्या खटल्यावरून तुमच्याशी भांडले ती मी. इतकी वर्षं भांडले आणि ते भांडण मिटायच्या आत तुम्ही उठून गेलात. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. ज्याच्याशी भांडण, त्याच्याशीच बोलावं.

किसन आपल्याला परका नव्हता. बेडशाच्या लेण्यांखाली त्याची भाताची खाचरं होती. अंगानं बारीक, हसरा, सायकल मारत लोणावळ्यापर्यंत येणारा. वरच्या ठाकरवाडीतल्या माणसांची नावं मतदारयादीत घालायला तो तहसील कचेरीत इतके हेलपाटे घालायचा की शिपाईसुद्धा त्याला नावानं हाक मारत. वाडीतली माणसं तोवर तात्यासाहेबांच्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबत होती आणि तात्यासाहेब सांगतील तिथं अंगठा देत होती. तात्यासाहेब म्हणजे आपल्या भागात शेवटचा शब्द. सोसायटी त्यांची, भट्ट्या त्यांच्या, फौजदाराची बदलीही त्यांच्या हातात. किसन वाडीला सांगायला लागला की मत आपलं आपण द्यायचं असतं. तेव्हा त्याच्यावर साग चोरून तोडल्याचा खटला झाला. मी डोळ्यांनी बघितलं, असं शपथेवर सांगणारा एक माणूस वडगावच्या कोर्टात उभा केला. तुम्ही तेव्हा खाजगी वकिली करत होतात, किसनचं वकीलपत्र तुम्हीच घेतलंत. उलटतपासात कळलं की त्या बाबानं ते रान कधी बघितलेलंच नव्हतं. किसन सुटला. त्यानंतर दर दिवाळीला तो आंबेमोहोर तांदूळ घेऊन यायचा आणि पायरीवर बसून तुमच्याशी राजकारण बोलायचा.

मग पंचायत समित्या आल्या. तात्यासाहेबांचा पुतण्या उभा राहिला आणि किसननं त्याच्याविरुद्ध अर्ज भरला. मतदानाला थोडेच दिवस राहिले असताना, कामशेतच्या बाजारातून घरी जाताना, भर उन्हात त्याला सायकलवरून खाली ओढून कोयत्यानं तोडलं.

भट्टीवरचे दोन मुकादम धरले गेले. कट केला म्हणून तात्यासाहेबांनाही आरोपी केलं, तिसऱ्या क्रमांकाचं. आणि त्याच सुमाराला मोठ्या सरकारी वकिलांची पाठ एकाएकी दुखायला लागली. ती पाठ का दुखते, हे साऱ्या पुण्याला माहीत होतं. तुम्ही तोवर सरकारी वकील झाला होतात, खटला तुमच्याकडे आला. तुम्ही मला विचारलंत, काय करू. मी म्हटलं, विचारताय काय, घ्या. किसन आपल्या पायरीवर बसलेला माणूस आहे. तुम्ही म्हणालात, म्हणूनच विचारतोय, मला त्याची माया आहे आणि सरकारी वकिलाला माया असून चालत नाही. मला ते तेव्हा वकिली बोलणं वाटलं होतं.

भीमाबाई आली तो दिवस आठवतोय? ठाकरवाडीची. किसनला मारलं त्या दिवशी ती लाकडाची मोळी घेऊन उतरत होती आणि सगळं तिनं बघितलं होतं. तिच्याशिवाय बघणारं कुणी नव्हतं. वाडीतल्याच लोकांनी तिला धमकावलं होतं, कोर्टात गेलीस तर भट्टीवर आमाला कोन घेईल, म्हणून. ती विचारत विचारत लोणावळ्यापर्यंत आली, पावसात, डोक्यावर इरलं, पाय चिखलानं माखलेले. तुम्ही तिला पडवीत उभ्या उभ्या सांगितलंत की धमकीची तक्रार ठाण्यात दे, मी चिठ्ठी देणार नाही, पण तुला पोलीस अडवणार नाही एवढं बघतो. मी चहा घेऊन बाहेर आले. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, आत ने.

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. मी कप पुढे केला. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. भीमाबाईनं एकदा कपाकडे बघितलं, एकदा तुमच्याकडे, आणि पायऱ्या उतरून गेली. त्या दिवशी मी तुमच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. मग बोलले तेव्हा एवढंच की, डोंगरावरून भिजत आलेल्या बाईला घोटभर चहा द्यायला ज्यांना कायदा आडवा येतो, त्यांच्या कायद्याचं मला कौतुक नाही. तुम्ही ताटातलं संपवलंत आणि उठलात.

आणि लगेच ते दुसरं प्रकरण आलं. तात्यासाहेबांविरुद्ध पुरावा म्हणून फौजदारानं कामशेतचा एक हॉटेलवाला आणला होता. आपल्या हॉटेलात तात्यासाहेब त्या दोघा मुकादमांना भेटले, किसनचा काटा काढायला सांगितलं, ते मी कानांनी ऐकलं, असं तो सांगत होता. तात्यासाहेब अडकणार ते याच एका साक्षीवर. तुम्ही त्याला कचेरीत बोलावून दोनदा सगळं विचारलंत. दोन्ही वेळा अक्षर न् अक्षर तेच. मग तुम्ही सहज त्याच्या घरच्यांची चौकशी केलीत. माणूस खुलला. मुलीचं लग्न कसं थाटात झालं, सुदुंबऱ्याला सासर मिळालं, मांडवाच्या आधीपासून आपण सगळे तिकडेच कसे होतो, हे त्यानं आनंदानं सांगितलं. ज्या दिवशी त्यानं कामशेतच्या हॉटेलात कट ऐकला, त्या दिवशी तो सुदुंबऱ्याला लेकीच्या हळदीत होता.

तुम्ही त्याला पुढे काही विचारलं नाहीत. फौजदाराला बोलावलंत. फौजदार निर्ढावलेला नव्हता, त्यालाही किसनचं वाईट वाटलं होतं. तो म्हणाला, "साहेब, साक्ष खोटी असेल, पण गोष्ट खरी आहे. तात्यासाहेबांनीच केलंय. तुम्हालाही माहीत आहे."

तुम्ही म्हणालात, "माहीत आहे. पण मला माहीत असणं हा पुरावा होत नाही."

संध्याकाळी गाडीनं घरी आलात. पावसानं ओलाच असलेला काळा कोट मी शेगडीवरच्या दुरडीवर वाळत घातला, आणि तुम्ही सांगून टाकलंत की तो साक्षीदार तुम्ही उभा करणार नाही. म्हणजे तात्यासाहेब सुटणार.

मी काय काय बोलले ते मला अजून पाठ आहे, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेतलेला नाही. मी म्हटलं, मग कायदा फक्त मुकादमांसाठी आहे का? कोयता चालवणाऱ्यांना जन्मठेप आणि चालवायला लावणाऱ्याला मोकळं रान? खरा गुन्हेगार समोर आहे, साक्षीदार तयार आहे, फौजदार तयार आहे, तुमचंच अडतंय. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "किसनवर सागाचा खटला झाला, तेव्हा त्या फौजदारालाही खात्री होती की चोर किसनच आहे. उद्या अशी खात्री असलेला फौजदार पुन्हा येईल, आणि समोर पुन्हा किसनसारखाच कुणीतरी असेल."

मी म्हटलं, हे किसनच्या बायकोला जाऊन सांगा. तावातावानं म्हटलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, सांगायलाच पाहिजे. रविवारी जाऊ. तू चल.

किसनची बायको हौसाबाई साक्षीदार नव्हती, म्हणून तिच्या घरी जाण्यात तुम्हाला गैर वाटलं नाही. कामशेतपर्यंत गाडीनं, पुढे पवनेकडे जाणाऱ्या एका बैलगाडीतून, मग खाचरांच्या बांधावरून चालत गेलो. भाताची आवणी चालू होती. हौसाबाई गुडघाभर चिखलात होती. हात धुऊन ती घरी आली, आपल्याला घोंगडी घातली, आणि समोर जमिनीवर बसली. किसनचा म्हातारा बाप दाराशी टेकून होता. मला वाटलं होतं तुम्ही गोल गोल बोलाल. तुम्ही बसल्या बसल्या सांगितलंत की दोघांना मी सोडणार नाही, पण तिसऱ्याविरुद्ध जो साक्षीदार आहे तो खोटा आहे, त्याला मी उभा करणार नाही, आणि त्यामुळे तात्यासाहेब सुटतील. निकालाच्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून आलो.

म्हातारा उठला. "वकील फुटला," एवढं म्हणून अंगणात थुंकला आणि खाचराकडे निघून गेला.

घरात कोंबडी फिरत होती तिला हौसाबाईनं हातानं बाहेर घालवलं. मग म्हणाली, "आमच्या मालकांवर बी असाच एक उभा केलता. तवा मी त्याला लय शिव्या दिल्या, त्याच्या पोराबाळांना दिल्या. आता तसलाच माज्या बाजूनं हुबा ऱ्हायला, तर त्याला काय म्हनू?"

ती पुढे म्हणाली, "तुमी मला तोंडावर सांगितलंत. बाकी समदी माज्या माघारी ठरवत्यात." मग माझ्याकडे वळून विचारलं, बाई, भाकरी खाऊन जाता का? तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि या खेपेला आत ने म्हणाला नाहीत. आपण नाचणीची भाकरी आणि कसलीशी रानभाजी खाल्ली. परतताना बांधावर तुम्ही पुढे चालत होतात, धोतर वर खोचून, आणि तुमच्या पाठीकडे बघताना माझ्या मनात काय आलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपण हरलो तरी चालेल, असं आलं होतं. ज्या माणसाच्या मागून मी चालते आहे तो त्या बाईच्या घरी बसून हे बोलू शकला, तेवढं मला पुरे आहे, असं आलं होतं. लोणावळा यायच्या आत मी पुन्हा भांडायला लागले, म्हणून ते राहून गेलं.

खटला पुण्याला चालला. भीमाबाईची साक्ष होती त्या दिवशी मी मुद्दाम आले, मागच्या बाकावर बसले. एवढं मोठं कोर्ट, काळे कोट, आणि पिंजऱ्यात ती, लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. तुमच्या प्रश्नांना तिनं नीट उत्तरं दिली. दोघं कुठून आले, किसनला कसं पाडलं, पहिला घाव कुणाचा. मग आरोपीचे वकील उठले. मुंबईहून आणले होते, फार मोठं नाव. तिला घोळात घेता येईना, तेव्हा त्यांनी विचारलं, तू सरकारी वकिलांच्या घरी लोणावळ्याला गेली होतीस की नाही? गेलते, ती म्हणाली. तिथं त्यांनी तुला चहापाणी केलं, आणि काय सांगायचं ते शिकवलं, बरोबर?

"च्या बाई देत व्हत्या," भीमाबाई म्हणाली. "सायबांनी देऊ दिला न्हाई. मी वल्लीचिंब झालते, पर न्हाई दिला. मला लय राग आला त्यांचा. आजून हाये."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशही खाली मान घालून हसले असावेत. मुंबईचे वकील खाली बसले. तुम्ही मात्र हसला नाहीत, कागदच चाळत राहिलात, पण तुमचे कान लाल झालेले मला मागूनसुद्धा दिसले. त्या क्षणी मला कळलं की त्या चहाचा कप तुम्ही कुठल्या प्रश्नासाठी परत पाठवला होता. आणि हेही कळलं की आत ने म्हणताना तुम्हाला माझ्याहून जास्त जड गेलं असेल.

दोघांना जन्मठेप झाली. तात्यासाहेब सुटले. तुम्ही कोर्टाला स्वतः सांगितलंत की हॉटेलवाल्या साक्षीदारावर सरकार पक्षाचा विश्वास नाही आणि त्याला तपासायचं नाही. फौजदारानं तुमच्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं होतं, विकला गेला. सुधा शाळेतून रडत आली. मी चुना कालवायला घेतला तर तुम्ही म्हणालात, राहू दे, पाऊस पुसेल. लोणावळ्याच्या पावसावर तुमचा फार विश्वास. पुसलंन् त्यानं, पण ती अक्षरं जाईपर्यंत तुम्ही रोज त्याच भिंतीवरून स्टेशनला जात होतात, मान वर करून, ओळखीच्यांना नमस्कार करत. निम्मे लोक नमस्कार घेत नव्हते. तुम्ही तरी करत होतात. मी खिडकीतून बघायचे आणि एकीकडे तुमच्यावर चिडायचे, एकीकडे शेजारणींना बघा म्हणावंसं वाटायचं.

दोघांचं अपील झालं. त्यांच्या वकिलांनी मुंबईला साऱ्या साक्षी पिंजून काढल्या. एक जरी शिकवलेला शब्द सापडला असता तरी सगळं कोसळलं असतं. सापडला नाही. शिक्षा कायम झाली. ते कळल्यावर एका दुपारी तुम्ही भीमाबाईला निरोप धाडून बोलावून घेतलंत. आता खटला संपलाय म्हणालात, आणि जन्मात कधी स्टोव्ह न पेटवलेले तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन चहा करून आणलात. दूध उतू घालवलंत, साखर दुप्पट टाकलीत. भीमाबाईनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "त्या दिवशीचा बरा आसंल." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

आपलं भांडण चालूच राहिलं. तात्यासाहेब सोसायटीवर पुन्हा निवडून आले, की मी वर्तमानपत्र तुमच्यासमोर ठेवायचे. हे बघा तुमचे निर्दोष. तुम्ही चष्मा पुसत म्हणायचात, निर्दोष कोण म्हणतंय? मी एवढंच म्हटलं की माझ्याकडे पुरावा नाही. मी म्हणायचे, पण लोकांना फरक कळत नाही. तुम्ही म्हणायचात, त्याला कळतो. मला हे उत्तर कधी पटलं नाही. पळवाट वाटायची. पुढे हौसाबाई ग्रामपंचायतीला उभी राहिली, वाडीनं तिला निवडून दिलं, वाडीत विहीर झाली. ती तुम्ही माझ्यासमोर ठेवलीत. मी म्हटलं, हे तिचं कर्तृत्व, तुमच्या खटल्याचं नव्हे. तुम्ही म्हणालात, मान्य.

आजारपणात एकदा मी म्हटलं होतं, जाऊ द्या, मी हरले म्हणून लिहून देते. तुम्ही म्हणालात, खोटी साक्ष नको. मला तेव्हा हसू आलं होतं, आता लिहिताना येत नाही.

तर आता परवाचं सांगते. त्यासाठीच एवढं लिहिलं.

दहाव्याच्या दिवशी भेटायला खूप माणसं आली. हौसाबाई सकाळीच आली होती. ती आत माझ्या जावेबरोबर तांदूळ निवडत बसली होती. दुपारी रस्त्यावर मोटार थांबली आणि काठी टेकत तात्यासाहेब पायऱ्या चढून आले. खूप थकलेत. बरोबर पुतण्या होता, त्याला त्यांनी बाहेरच थांबायला सांगितलं. पडवीतली माणसं उठून उभी राहिली, सवयीनं. तुमच्या फोटोसमोर ते हात जोडून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, वकीलसाहेबांचे माझ्यावर फार उपकार आहेत. जिवंतपणी त्यांनी मला बोलू दिलं नाही. आज सांगून जातो."

नको ते बोलून तुमच्या दहाव्याला तमाशा नको, एवढंच मनात होतं. ते पुन्हा हात जोडून निघाले, पायऱ्या उतरले, मोटार गेली.

आतल्या दारात हौसाबाई उभी होती. हातात सूप तसंच. तिनं सगळं ऐकलं होतं. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला म्हणाली, "बाई, ऐकलंत न्हवं? उपकार म्हनला तो. ज्यानं काय केलंच न्हाई, त्याच्यावर सुटकेचे उपकार कसले?"

मी तिथंच बसले. ती माझ्याजवळ बसली. आम्ही दोघी तुमच्या फोटोकडे बघत होतो आणि मला वाटत होतं, आता तुम्ही चष्मा पुसाल.

अहो, खोटा साक्षीदार उभा करून त्याला तुरुंगात घातला असता, तर तो आयुष्यभर छाती ठोकून सांगत फिरला असता की मला खोट्यात गोवलं. आणि ते खरंच असतं. तुम्ही त्याला तेवढंही बोलायला जागा ठेवली नाहीत. म्हणून इतक्या वर्षांनी, काठी टेकत, त्याला आपल्या पायऱ्या चढून यावं लागलं. त्याला फरक कळतो म्हणायचात, ते हेच.

तुमचा तिसरा आरोपी परवा कबूल झाला. आपल्या पडवीत, दिवसाउजेडी, कुणी न विचारता. ऐकायला आम्ही दोघी होतो. कोर्टात हे चालायचं नाही, ते मला माहीत आहे, आणि हौसाबाईलाही माहीत आहे. आम्ही कुणालाही शपथेवर सांगायला जाणार नाही. तुम्हाला तेवढं कळवलं.